आधी न्याय कोणाचा ते ठरवा, मग खून: आरमारी रहस्यकथा पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात बसून समुद्रावरची गोष्ट कशी लिहायची, हा प्रश्न नव्याने लिहू लागलेली मंडळी मला हमखास विचारतात. आपल्याकडे पंचगंगा आहे, रंकाळा आहे. खारं पाणी बघायचं तर घाट उतरावा लागतो. पण १ ऑक्टोबर १८१२ पर्यंत असं नव्हतं. त्या दिवशीच्या तहाने कोल्हापूरच्या छत्रपतींनी मालवणचं बंदर आणि भोवतीचे सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट हे किल्ले इंग्रजांच्या हवाली केले. तोवर कोल्हापूरचं स्वतःचं आरमार होतं. मुंबईकर इंग्रज त्या आरमारातल्या माणसांना आपल्या कागदांत चाचे म्हणायचे, आणि इथला दरबार त्यांना चाकर म्हणायचा. एकाच माणसाला एका दफ्तरात गुन्हेगार आणि दुसऱ्या दफ्तरात शिपाई म्हटलेलं सापडलं की समजावं, इथे रहस्यकथा आहे.

गेली काही वर्षं आम्ही सात-आठ जण पेठेतल्या एका घरी महिन्यातून एकदा बसतो आणि अशाच कथा वाचून दाखवतो. तिथे जे शिकले, आणि जिथे चुकले, ते इथे क्रमाने मांडते आहे. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी प्रेत टाकतात आणि मग भोवती इतिहास चिकटवतात. तसं केलं की कथा कुठल्याही काळात घडू शकते, आणि कुठल्याही काळात घडू शकणारी कथा ऐतिहासिक होत नाही.

पायरी पहिली: साल पक्कं करा

‘अठराव्या शतकात एकदा’ असं चालणार नाही. साल हवं, महिना हवा, शक्यतो तिथी हवी. आरमारी गुन्ह्यासाठी आपल्या किनाऱ्यावर तीन काळ मला सर्वांत सकस वाटतात. एक कान्होजी आंग्र्यांचा, म्हणजे १६९८ च्या सुमारापासून ४ जुलै १७२९ ला त्यांचा मृत्यू होईपर्यंतचा. दुसरा फेब्रुवारी १७५६ चा, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि तुळाजी आंग्रे कैदेत गेले तेव्हाचा. तिसरा १७६५-६६ चा. कोल्हापूरकराने हा तिसरा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

१७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी तह होऊन किल्ला कोल्हापूरकडे परत आला. त्या वेळी गादीचा कारभार जिजाबाई राणीसाहेब बघत होत्या आणि दरबार पन्हाळ्यावर होता. राजधानी कोल्हापुरात आली ती १७८२ मध्ये. म्हणजे एकाच किल्ल्यावर दीड-दोन वर्षांत दोन सत्ता, दोन भाषांतली दफ्तरं, दोन पद्धतींचा न्याय. किल्ला इंग्रजांकडे असताना कोणी मेलं आणि किल्ला परत आल्यावर प्रेत सापडलं, तर चौकशी कोण करणार? एवढ्या एका प्रश्नावर अख्खी कादंबरी उभी राहते.

पायरी दुसरी: न्याय कोणाचा?

ही पायरी सर्वांत मोठी आहे, इथे घाई करू नका. जमिनीवर गुन्हा झाला तर गावचा पाटील आहे, कसब्याचं ठाणं आहे. पाण्यावर गुन्हा झाला की आधी विचारावं लागतं: गलबत कोणाचं, निशाण कोणाचं, दस्तक कोणी दिलं, मारणारा कोणाच्या पगारावर, आणि प्रेत ज्या खाडीत लागलं ती खाडी कोणाच्या अमलात. या पाच प्रश्नांची पाच वेगळी उत्तरं आली तर उत्तम.

दस्तक म्हणजे समुद्रावर फिरण्याचा परवाना. पोर्तुगीज ‘कार्ताझ’ द्यायचे, आंग्रे आपलं दस्तक द्यायचे, इंग्रज आपला पास द्यायचे. ज्याचं दस्तक नाही त्याचं गलबत धरून न्यायचं. जहाज धरणारा आरमारी शिपाई की दरोडेखोर, हे त्या एका कागदावर ठरायचं. शत्रूची जहाजं धरायचा इंग्रजी परवाना घेऊन निघालेल्या कॅप्टन किडची हकीकत या बाबतीत वाचण्यासारखी आहे. १६९८ च्या जानेवारीअखेर त्याने भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ‘क्वेदाग मर्चंट’ नावाचं मोठं व्यापारी जहाज धरलं. जहाजाकडे फ्रेंच पास होता, फ्रान्सशी इंग्लंडचं वैर होतं, म्हणून जहाज धरणं कायदेशीर, असा त्याचा बचाव होता. लंडनमधल्या खटल्यात तो पास त्याला मिळालाच नाही. २३ मे १७०१ ला टेम्स नदीच्या काठी त्याला फाशी दिलं. आणि तो पास सरकारी कागदांत दोनशे वर्षांनी सापडला. पास दाखवता आला असता तरी तो सुटला असता असं मी म्हणत नाही, कारण आपल्याच जहाजावरच्या तोफचीला बादली मारून ठार केल्याचा दोषही त्याच्यावर शाबीत झाला होता. पण हरवलेला कागद कथेत किती काम करू शकतो, ते यावरून घ्या.

इंग्लंडच्या राजाच्या जहाजांना ‘युद्धकलमं’ लागू होती. कायदा म्हणून ती १६६१ मध्ये आली आणि १७४९ मध्ये नव्याने बांधली गेली. कोर्ट मार्शल जहाजावरच बसायचं. किमान ५ आणि जास्तीत जास्त १३ अधिकारी. एकदा सुनावणी सुरू झाली की निकाल लागेपर्यंत, आजारपण सोडलं तर, सदस्यांना किनाऱ्यावर जायची मुभा नसायची. बंद खोलीतली रहस्यकथा लिहायची इच्छा असलेल्याला आणखी काय हवं? आरोपी, साक्षीदार आणि न्याय देणारे, सगळे एकाच लाकडी भिंतीच्या आत, खाली पाणी.

१७४९ च्या कलमांनी आणखी एक गोष्ट केली. काही गुन्ह्यांना मृत्यूशिवाय दुसरी शिक्षाच ठेवली नाही. इंग्रज ॲडमिरल बिंग भूमध्य समुद्रातल्या मिनोर्काच्या लढाईत कमी पडला असं कोर्टाचं मत झालं, पण तो भ्याड आहे असं मात्र कोर्टाला वाटलं नाही. कलमाने हात बांधलेले, म्हणून देहदंड सुनावला आणि त्याच कोर्टाने दयेची शिफारस केली. दया मिळाली नाही. १४ मार्च १७५७ ला ‘मोनार्क’ जहाजाच्या डेकवर त्याला गोळ्या घातल्या. निकाल देणाऱ्यांनाच निकाल नकोसा झाला आहे, असा प्रसंग लिहिताना हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा.

इंग्रज राजाच्या ‘बाउंटी’ जहाजावरचं बंड सगळ्यांना माहीत असतं, खटला फारसा कोणी बघत नाही. बंड २८ एप्रिल १७८९ चं, खटला सप्टेंबर १७९२ चा. दहा आरोपी, चार निर्दोष सुटले, सहांना मृत्युदंड सुनावला आणि प्रत्यक्षात फासावर गेले तिघे. मध्ये तीन वर्षांहून जास्त काळ गेलेला. पहाटेच्या अंधारात कोणाच्या हातात बंदूक होती, हे तीन वर्षांनी आठवून सांगायचं. साक्षीदार खोटं बोलतो असं दाखवण्यापेक्षा त्याला खरंच वेगळं आठवतंय असं दाखवा. वाचकाला ते जास्त लागतं.

इथे नवखे एक चूक हमखास करतात. मुंबईची ‘बॉम्बे मरीन’ हे ईस्ट इंडिया कंपनीचं आरमार होतं, राजाचं नव्हे. राजाच्या जहाजावरची कलमं तिथे जशीच्या तशी लावू नका. कंपनीच्या मुंबईत न्याय कसा व्हायचा ते बघायला रामा कामाठीचं प्रकरण वाचा. हा मुंबईतला मोठा व्यापारी, वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारा, कंपनीच्या मोहिमांत मदत केलेला माणूस. १७२० मध्ये त्याच्यावर कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप आला. पुरावा म्हणून पत्र पुढे केलं गेलं, त्यावर शिक्का होता. त्याच्या कारकुनाचा जबाब घेतला तो अंगठ्यांना लोखंडी पेच आवळून. रामा कामाठी कैदेतच मेला. पत्र बनावट होतं हे नंतर उघडकीला आलं. मला हे प्रकरण वाचताना दर वेळी त्या कारकुनाचे अंगठे दिसतात. लिहिणारे अंगठे होते ते.

आता आपल्याकडचा न्याय. मराठी दौलतीत इंग्रजांसारखं कलमवार छापील पुस्तक घेऊन डेकवर कोर्ट बसत नव्हतं. हुद्देदाराचा अधिकार, दरबारची आज्ञा, गोताचा, म्हणजे गावकरी-भाऊबंदांच्या सभेचा, निवाडा आणि जुना प्रघात, यांवर काम चालायचं. फिर्यादीने आणि प्रतिवादीने आपापला करीना, म्हणजे लेखी हकीकत, द्यायची. दोघांनी जामीन द्यायचे. थळ ठरवायचं, म्हणजे निवाडा कोणत्या ठिकाणी कोणासमोर व्हायचा ते. मजलस, म्हणजे निवाड्याची सभा, बसायची, साक्षी व्हायच्या, महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जायचा. ‘थळ’ या शब्दावर थोडं थांबा. इथे मला न्याय मिळणार नाही, मला दुसरं थळ द्या, असं पक्षकार म्हणू शकायचा. तुमच्या खुन्याला मालवण सोडून पन्हाळा का हवा आहे, हे रहस्य म्हणून पुरेसं आहे.

साक्षी-पुराव्यावर काम भागलं नाही तर दिव्य. रवा दिव्यात तापलेल्या तेला-तुपातून हाताने धातूचा तुकडा काढायचा, मग हात पिशवीत घालून वर मोहर करायची आणि काही दिवसांनी सगळ्यांसमोर पिशवी सोडून हात बघायचा. आजच्या वाचकाला हे रानटी वाटेल म्हणून ते गाळू नका, आणि चमत्कार म्हणूनही लिहू नका. त्या पिशवीवरची मोहर आहे तशी आहे का, रात्री पहारा कोणाचा होता, तूप कोणी तापवलं, एवढंच बघा. तुमचा शोधक तिथेच उभा असला पाहिजे.

पायरी तिसरी: भरती-ओहोटी काढा

माझ्या पहिल्या कथेत अष्टमीच्या मध्यरात्री माल भरलेलं गलबत खाडीतून गुपचूप बाहेर पडतं आणि त्यात खुनी पळून जातो. बैठकीत सगळ्यांना आवडली. पुढे मालवणला गेले असताना एका जुन्या तांडेलांना, म्हणजे खलाशांच्या म्होरक्यांना, ती गोष्ट तोंडी सांगितली. ते जाळं सारखं करत होते. मान वर न करताच म्हणाले, “गो बाय, अष्टमीक मध्यान् रात्री खाडीत पानी खंय?” मग त्यांनी हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाच्या सुमारास भरती, पुन्हा संध्याकाळी सहाच्या सुमारास. मध्ये सहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी बारा आणि रात्री बारा. माझं गलबत नेमकं पाणी उतरलेल्या वेळी निघालं होतं. त्यातून अष्टमी म्हणजे भांगाची भरती, उधाण नाही. भरतीलासुद्धा पाणी जेमतेमच चढतं.

ती कथा मी टाकून दिली नाही. उलटी केली. आता साक्षीदार शपथेवर सांगतो की अष्टमीच्या मध्यरात्री मी गलबत खाडीबाहेर जाताना पाहिलं, आणि किल्ल्यावरचा कारकून बोटांवर पाऊणपट मोजतो. गलबत निघालंच नव्हतं. माणूस पळालाच नव्हता.

तुम्ही हा हिशोब आजच करून बघा. चतुर्थी असेल तर भरती तीनच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा, आणि तेव्हा उधाण. मिनिटाचा काटा धरून बसू नका, अंदाज आहे तो, पण किनाऱ्यावरची माणसं याच अंदाजावर जगत आली आहेत आणि तुमची पात्रंही याच अंदाजावर जगणार. प्रेत कधी वाहून आलं, कुठे अडकलं, दोर कुठपर्यंत ओला आहे, खडकावरचं रक्त धुतलं गेलं की राहिलं, हे सगळं याने ठरतं.

भरतीसोबत वारा आणि ऋतू. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा. किनारा धरून चालणारी आपली हलकी जहाजं पहाटेच्या मतलईवर बाहेर पडायची. पावसाळ्यात आरमार छावणीला, गलबतं वर ओढलेली, वर झापांचं छप्पर. समुद्र पुन्हा उघडायचा तो नारळी पौर्णिमेनंतर. श्रावणात भर समुद्रात लढाई लिहिलीत तर मालवणचा वाचक पुस्तक मिटेल. पण पावसाळ्यात खून जरूर करा. वर काढलेल्या रिकाम्या गलबताच्या पोटात चार महिने कोणी डोकावत नाही.

पायरी चौथी: तारखांचं त्रांगडं वापरा

माझ्या मते आरमारी रहस्यकथेतलं हे सर्वांत न वापरलेलं हत्यार आहे.

इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या पंचांगाने चालत होते, पोर्तुगीज १५८२ पासूनच नव्याने. १७०० नंतरच्या काळात दोघांत ११ दिवसांचं अंतर. म्हणजे १७२० मध्ये मुंबईत ५ जानेवारी असेल तेव्हा गोव्यात १६ जानेवारी. एवढ्यावर भागत नाही. इंग्रजांचं सरकारी वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, म्हणून मुंबईचा कारकून त्या जानेवारीत साल १७१९ लिहील. आणि आपला कारकून? तो तिथी लिहील, शक लिहील, किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख, आणि मराठी दफ्तरांत चालणारा शुहूर सन लिहील. शुहूर सन मृगाला बदलतो. इसवी सन काढायला त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, महिना बघून. शुहूर ११६६ म्हणजे १७६५-६६, आपला सिंधुदुर्गाचा काळ.

तुम्ही १७६५ घेतलंत तर पंचांगांमधलं ११ दिवसांचं अंतर मिटलेलं असतं, पण एक जास्त नाजूक फरक उरतो. इंग्रजी जहाजांच्या रोजनिशीत दिवस मध्यरात्री नाही, दुपारी बारा वाजता सुरू व्हायचा, आणि तो लोकांच्या दिवसाच्या बारा तास पुढे असायचा. १० तारखेच्या संध्याकाळी घडलेली गोष्ट रोजनिशीत ११ तारखेखाली पडते. राजाच्या आरमाराने ही रीत १८०५ मध्ये सोडली, कंपनीच्या जहाजांनी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तर हजेरी ठेवणारा किल्ल्यावरचा सबनीस म्हणतो माणूस १० तारखेला संध्याकाळी जिवंत होता, जहाजाची रोजनिशी म्हणते ११ ला दुपारनंतर तो डेकवर होता. दोघेही खरे. वाचकाला वाटतं माणूस एक दिवस जास्त जगला. तो तेवढा जगलेला नसतो.

तिथी आणि तारीख जुळवायला जंत्री लागते. आपल्या कोल्हापुरात शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी केलेली जंत्री जुनी असली तरी आजही उपयोगाची. संगणकावरही तारखा बदलून मिळतात, पण एकदा तरी हाताने जंत्रीत बोट फिरवून तिथी काढा. तुमच्या पात्राचं बोट कसं फिरलं असेल ते त्याशिवाय कळत नाही.

पायरी पाचवी: कागदाकडे बघायला शिका

मोडी येत नसेल तर शिका. कोल्हापुरात ती शिकवणारी माणसं आहेत, विद्यापीठात चौकशी करा. अक्षरं ओळखू यायला काही आठवडे पुरतात. जुना कागद सरळ वाचता यायला फार चिकाटी लागते. कथा लिहायला पहिली पायरीसुद्धा पुष्कळ देते.

मोडीत आधी वरची रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत हात न उचलता लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडायची रीत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे एकच ओळ दोन ठिकाणी तोडून दोन अर्थ लागू शकतात. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ च्या खुनाबद्दल ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो: ‘धरावे’चं ‘मारावे’. ती दंतकथा म्हणूनच घ्या, आणि आपल्या कथेत पुन्हा वापरू नका. पण तिच्या मुळाशी असलेली भीती खरी आहे. लिहिलेला हुकूम बदलता येतो, ही भीती.

त्या भीतीवर उपायही कागदातच होते. मजकूर संपला की मोर्तब, म्हणजे मजकुराची सीमा दाखवणारा छोटा शिक्का. त्याच्या पुढे कोणी शब्द वाढवला तर तो उघडा पडतो. लांब कागद हे तुकडे एकाखाली एक डकवून केलेले असायचे आणि सांध्यावर शिक्का मारायचे. मधला तुकडा बदलला तर शिक्क्याचे दोन अर्ध एकमेकांना लागत नाहीत. जुना कागद पहिल्यांदा उजेडासमोर धरला तेव्हा तो सांधा मला बोटाला आधी लागला, डोळ्याला नंतर दिसला. खळीने तिथे कागद जरा ताठ झालेला असतो. माझ्या कथेतला आंधळा होत चाललेला फडणीस याच ताठपणावरून खोटा तुकडा ओळखतो.

बसून वाचायला करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासूनचं. विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. कोल्हापूरच्या पुरालेखागारात जाणार असाल तर हातात नेमका प्रश्न घेऊन जा, “मला सगळं बघायचंय” म्हणून जाऊ नका. तिथल्या माणसांना काका, ताई म्हणून बोला, घाई दाखवू नका, आणि जो कागद दाखवतील त्याला ओला हात लावू नका.

पायरी सहावी: गुन्ह्याचं कारण आरमारातूनच काढा

प्रेम, वतन, भाऊबंदकी ही कारणं कोणत्याही कथेत चालतात. आरमाराची स्वतःची कारणं वेगळी असतात. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे, आणि ते कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेलं आहे, हे आपण विसरतो. पंतांची समाधी पन्हाळ्यावर आहे, आणि त्यांच्या घराण्याची जहागीर गगनबावड्याला, म्हणजे कोकणात उतरणाऱ्या घाटाच्या तोंडावर. त्या ग्रंथात जहाजांच्या लाकडाबद्दल जे सांगितलंय ते असं: सागवान परवानगीने तोडून आणावं, पण आंबा-फणसाला हात लावू देऊ नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात.

आता बघा. जहाज पावसाळ्यापूर्वी पाण्यात गेलं पाहिजे, वरून तगादा आहे, सागवान कमी पडलंय. कोणीतरी रात्रीत एका म्हातारीचा फणस तोडला आणि त्याची फळी होऊन गुराबेच्या, म्हणजे तोफा वाहणाऱ्या मोठ्या जहाजाच्या, बाजूला बसली. पुढे त्याच गुराबेवर सुतार मेलेला सापडतो. फणसाचं लाकूड पिवळं असतं. ताशीव फळीच्या चुऱ्यात तो रंग लपत नाही.

आणखी कारणं हवीत तर: धरलेल्या जहाजावरच्या मालाची वाटणी, हजेरीपटावर मेलेल्या खलाशाचा पगार उचलणं, दारूगोळ्यात कोळसा जास्त मिसळणं, दस्तक विकणं. प्रत्येकात कागद आहे, साक्षीदार आहे आणि लोभ आहे.

पायरी सातवी: शोध घेणारा माणूस

शहाणा, अविवाहित, सगळ्यांपेक्षा वेगळा विचार करणारा नायक नको. ज्याला कामामुळे सगळीकडे जाता येतं असा माणूस निवडा. किल्ल्यावरचा सबनीस, ज्याच्याकडे हजेरी असते. घाटावरून मीठ, नारळ, सुकी मासळी नेणारा लमाण. पन्हाळा ते मालवण पत्रं पोचवणारा जासूद. बाळंतपणं करणारी सुईण, तिला दोन्ही धर्मांच्या, सगळ्या जातींच्या घरांत दार उघडं. तिला प्रेताच्या अंगावरचं जे दिसेल ते सबनिसाला दिसणार नाही.

त्याच्या काळाच्या पलीकडचं ज्ञान त्याला देऊ नका, एवढं पुरे. बोटांचे ठसे नाहीत, रक्ताची तपासणी नाही. नाकातोंडातला फेस, नखांतली वाळू, कानातलं शेवाळ हे त्यालाही दिसतं.

अंतराचंही भान ठेवा. आज कोल्हापूर-मालवण साधारण १५० किलोमीटर, फोंड्याचा घाट उतरून चार तासांत पोचतो आपण. जासूद पायी. मी माझ्या कथेत जाताना चार दिवस धरते, पावसात सहा. म्हणजे दरबाराला खून कळेपर्यंत आणि हुकूम परत येईपर्यंत खुन्याला आठ ते बारा दिवस मिळतात. तेवढ्यात काय काय नाहीसं करता येईल, त्याची यादी करा.

पायरी आठवी: शब्द

गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं, तोफा वाहणारं मोठं जहाज. गलबत हलकं, शिडावर आणि वल्ह्यांवर चालणारं. मचवा त्याहून लहान. शिबाड मालाचं. तांडेल, सारंग, नाखवा, खलाशी, गोलंदाज. वर सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख, किंवा सुभेदार. यांतले सगळे शब्द पहिल्या पानावर ओतू नका. एक शब्द, एक कृती. “परबाण खाली घेतलं” असं लिहिलं आणि शीड माणसाच्या डोक्यावर कोसळलं की परबाण म्हणजे काय ते वाचकाला सांगावं लागत नाही.

संवादांत दरबारी मराठी आणि मालवणी वेगळी ठेवा. मालवणी येत नसेल तर दोन वाक्यंच वापरा, पण ती मालवणी माणसाला वाचून दाखवून घ्या. दरबारात ‘आपण’, ‘स्वामी’, ‘साहेब’. गलबतावर तांडेल खलाशाला अरे-तुरे करणार. इंग्रज कप्तानाशी बोलणारा दुभाषी मध्ये उभा, आणि त्याच्या तोंडून निघणारं प्रत्येक वाक्य मूळ वाक्यापेक्षा थोडं वेगळं. दुभाषाला खुनी करायचा मोह सगळ्यांनाच होतो. आमच्या बैठकीत आजवर तीन कथांत दुभाषीच खुनी निघालाय. तुम्ही त्याला साक्षीदार करा.

पायरी नववी: जागा बघून या

सिंधुदुर्गाला जा. कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात पाया घातलेला हा किल्ला. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, दोन बुरुजांच्या वळणात तो दडवलेला आहे. बाहेरून बघणारा साक्षीदार “अमुक माणूस दरवाजातून बाहेर पडताना मी होडीतून बघितला” म्हणाला, तर त्याची होडी नेमकी कुठे होती, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. किल्ल्यावर विषप्रयोग लिहिणार असाल तर कोण कोणत्या विहिरीचं पाणी पितं, ते आधी ठरवा.

तटावरून पद्मगड दिसतो. ओहोटीला त्या बाजूची वाळू उघडी पडताना बघा, घड्याळ लावून बघा, आणि त्या दिवशीची तिथी वहीत लिहा.

पहिलं पान

आता लिहायला बसा. पहिल्या पानासाठी आमच्या बैठकीत एकच नियम आहे: वरच्या कोपऱ्यात चार गोष्टी लिहून आणायच्या. साल आणि तिथी. त्या तिथीची भरती. गलबतावरचं निशाण. आणि चौकशीचा अधिकार कोणाकडे. वाचून दाखवताना या ओळी वाचायच्या नाहीत, पण आमच्यापैकी कोणीही मध्येच थांबवून विचारू शकतं, “आत्ता पाणी कुठे आहे?” पाणी कुठे आहे ते सांगता आलं की पुढे वाचायचं. नाहीतर कागद घडी करून ठेवायचा, जंत्री उघडायची, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं.